परत न आलेल्या चिठ्ठ्या

—नाही हो, मिक्सर चालू नव्हता, एकदा सांगितलं ना तुम्हाला. विजेची शेगडी आणि फ्रीज, बास. बरं, गिझर. गिझर राहिला होता, कबूल. पण म्हणून ऐन अकरा वाजता, सणाच्या दिवशी, अख्खं स्वयंपाकघर बंद पडावं? बिल्डरने पुस्तक छापलंय, गुळगुळीत कागदाचं — त्यात तलाव आहे, तलावाच्या काठी हसणारी बाई आहे — आणि ओट्यावर दोन वस्तू एकदम चालत नाहीत हे कुठल्या पानावर आहे? तुम्हाला काय बोलायचं म्हणा, तुम्ही वायरमन, तुमचं काम जोडायचं. ती खुर्ची घ्या चढायला, स्टूल नको, त्याचा पाय हलतोय — सामान आणणाऱ्यांनी जिन्यावर आपटलं. बावीस दिवस झाले इथे येऊन, अजून चाळणी सापडलेली नाही मला.

किती माणसं? चौदा. हसू नका. दोन खोल्यांत चौदा कशी मावतात ते मी बघते, तुम्ही तेवढा बोर्ड बघा. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं काढलीत मी, शेवटची अकरा प्रमुख म्हणून — दोनशे दहा खाटा, दोन्ही वेळा, आणि एक दिवस ताट उशिरा गेलं नाही. संपातसुद्धा नाही. एकदा मंत्री येणार म्हणून लिफ्ट अडवून ठेवली होती, तर आम्ही बायकांनी पातेली जिन्याने चढवली, आणि वर लिफ्ट अडवणाऱ्या साहेबाला मी सांगितलं, तुमचा मंत्री जेवून निघालाय, माझी माणसं उपाशी आहेत. तेव्हा चौदा म्हणजे काय, तोंडी लावणं.

येणारेत का म्हणजे? येणारच. धाकटा भाऊ, भावजय, त्यांची मुलं, सुना, नातवंडं, शिवाय आमची चुलत बहीण तिच्या गोतावळ्यासकट. सगळ्यांना चिठ्ठी पाठवली होती मी. हो, कागदाची! जेवणार, नाही जेवणार, मीठ कमी, साखर नाही, मऊ भात — पुढे चौकोन, खूण करायची आणि परत पाठवायची. वॉर्डातून रोज अशाच यायच्या आमच्याकडे. — नाही, एकही परत आली नाही. न येऊ दे. आमचा नियम काय होता, चिठ्ठी परत आली नाही तर माणूस जेवणार असं धरायचं आणि पूर्ण ताट पाठवायचं. कारण ज्याला काही सांगता येत नाही तोच बहुतेकदा सगळ्यात भुकेला असतो. घरच्या माणसांना कोणी अशी चिठ्ठी पाठवतं का, म्हणता? — हो, तेच म्हणाली म्हणे भावजय. चुलत बहिणीने घातलं माझ्या कानावर. ‘आम्ही काय तिचे पेशंट आहोत का?’ अगं बाई, तुझी साखर तीनशे, तुझ्यासाठी एक चौकोन काढला तर एवढा अपमान?

जरा हे चाखता का? हात धुवा आधी. मीठ बघा. अहो, बिनमिठाचं चाखून चाखून माझी जीभ मेलीय, तिच्यावर भरवसा नाही माझा. बरोबर आहे? तोंडदेखलं सांगू नका हं. — चिमूटभर आणखी? बघा, म्हटलं नव्हतं! घालते. आज एखादी भाजी करपली तरी चालेल, पण मीठ चुकता कामा नये.

का म्हणजे काय, काही नाही. — आई. आमची आई. शेवटचे नऊ दिवस घरीच होती, किडन्या गेलेल्या, डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. ताट माझ्या हाती — माझ्याशिवाय कोणाच्या असणार? तिला ते बिनमिठाचं जायचं नाही. म्हणायची, ‘चिमूटभर दे गं, जास्त नको.’ मी नाही म्हणायचे. डॉक्टरांच्या कागदावर ‘मीठ नाही’ असं लिहिलं होतं ना. आणि एक दिवस मी आंघोळीला गेलेली बघून धाकट्याने तिच्या भातावर मीठ भुरभुरलं. आणि ती खात होती हो — इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या हाताने खात होती — आणि मी बाहेर आले आणि ताट ओढून घेतलं. बोटांतला घास तेवढा राहिला तिच्याकडे. तिसऱ्या दिवशी गेली. मिठाने गेली नाही, आणि बिनमिठाने राहिलीही नाही. डॉक्टर आजही लिहून देतील, माझं बरोबर होतं. मी कुठे चुकले, सांगा. सांगा ना. — राहू दे. वायर बघा तुम्ही.

चार वर्षं राहिलो त्यानंतर मी आणि धाकटा त्याच घरात, एकाच ओट्यावर. लोकांना मी सांगते, निवृत्त झाले, स्वतःचं घर हवं होतं. खोटं नाही ते. पण एकदा जेवता जेवता तो म्हणाला, आवाजसुद्धा न चढवता, ‘ताई, तुझ्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नाही गं.’ भांडला असता तर पुरून उरले असते मी, अहो मंत्र्याला नाही भ्यायले. भांडलाच नाही. ताट उचललं आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून मी घरं बघायला लागले.

आली का वीज? आली! — थांबा, फोन. तोच आहे. — हं, बोल. कुठे? खाली, फाटकाशी? मग ये ना वर, तिसरा मजला. — एकटाच? बाकीचे… बरं. नाही आले तर नाही आले. — काय भरून देऊ? डबा?

नाही. ऐक. डबा मिळणार नाही. चौदा जणांचं रांधलंय, पण त्यातलं शीतसुद्धा खाली येणार नाही. वर ये, माझ्यासमोर बस. नाही उतरलं घशाखाली तर तोंडावर सांग आणि ऊठ, मी काही म्हणणार नाही. ऐकतोयस ना? — अरे, हॅलो?

फोन ठेवला नाहीये त्याने.

अहो, तुम्ही निघा आता. ते बोर्डाचं झाकण मी लावते, जा म्हणते ना — आणि दार ओढून घेऊ नका. असू दे उघडं.