जसंच्या तसं खरं

ग्रोआ: चारही परत करताय, टोर्फीकाका?

टोर्फी: चारही. मागे चिठ्ठ्या आहेत बघ. सहा तारखेपर्यंत बदलून मिळेल, असं तुझ्याच दुकानानं छापलंय.

ग्रोआ: चिठ्ठीचं कोण बोलतंय? अहो, तुमच्या आजीवरची कादंबरी आहे. चार पोरांनी नाताळला चार प्रती दिल्या. एक तरी ठेवा.

टोर्फी: चौघांनी एकमेकांना विचारलं नाही. लहानपणापासून तसलेच आहेत. चार पाकिटं फोडली आणि चारदा "अरे वा" म्हणालो. चौथ्यांदा नातवंडं खिदळायला लागली.

ग्रोआ: वाचलीत?

टोर्फी: यंदा दुसरं काय आलंय ते दाखव. ऐतिहासिकच दे. हल्लीच्या लोकांचं काही वाचवत नाही मला.

ग्रोआ: ही घ्या. ज्वालामुखी फुटला त्या वर्षाची. गाव राखेत, मेंढ्या मरतायत, आणि मधे एक पाद्री.

टोर्फी: पाद्री फार बोलतो?

ग्रोआ: पहिली शंभर पानं.

टोर्फी: नको.

ग्रोआ: मग ही. आइसलंडभर तारेचे खांब रोवत फिरणारी माणसं. प्रेम कमी, चिखल जास्त.

टोर्फी: ही बाजूला ठेव.

ग्रोआ: पण खरं सांगू? यंदाच्या नव्यांत तुम्ही परत करताय तीच सगळ्यांत चांगली आहे. मी तशी चिठ्ठी लिहून लावलीय तिच्याखाली.

टोर्फी: म्हणजे तू वाचलीस.

ग्रोआ: दोनदा.

टोर्फी: शेवटचं पान पण?

ग्रोआ: लेखिकेचं मनोगत? हो.

टोर्फी: वाच बरं मोठ्यानं.

ग्रोआ: "या कादंबरीत पुष्कळ काही माझ्या मनचं आहे. पण सिग्नीनं घटसर्प झालेल्या तान्ह्या मुलाला पोटाशी बांधून, बर्फातून पठार ओलांडून डॉक्टरकडे नेलं आणि त्यात तिच्या पायाची दोन बोटं गेली, हे जसंच्या तसं खरं आहे. तिचे नातू टोर्फी यांनी ते मला सांगितलं."

टोर्फी: हं.

ग्रोआ: कॉफी घेता?

टोर्फी: आधी ऐक. कादंबरीत काय, काहीही चालतं. पण हे "जसंच्या तसं खरं" माझ्या नावावर आहे. आणि ते खोटं आहे. ते तान्हं पोर म्हणजे माझा बाप, तेवढं बरोबर. पण त्याला घेऊन गेली ती सिग्नी नव्हती.

ग्रोआ: माहितीये.

टोर्फी: तुझी पणजी होती ती. हाल्बेरा.

ग्रोआ: माहितीये हो. आमच्या घरी मोजे विणताना अजून म्हणतात, हाल्बेराच्या मापाचा नको, पाच बोटांचा विण. एकशे बाराव्या पानावर बोटं गेली, तिथंच कळलं मला.

टोर्फी: आणि तरी तू खिडकीत मांडलीस?

ग्रोआ: पुस्तक चांगलंय ना. राग आला होता, नाही असं नाही. दोन दिवस. मग पुढचं प्रकरण वाचायचं होतं.

टोर्फी: लहानपणी आम्हाला मोजा काढून पाय दाखवायची हाल्बेरा. वर खडीसाखर द्यायची. मी विसरलो असंही म्हणता येत नाही.

ग्रोआ: मग का सांगितलंत तसं?

टोर्फी: ही लेखिका, रान्वेग, तीन वर्षं येत होती माझ्याकडे. होड्या झाल्या, मासे झाले, मेंढ्या झाल्या. मग म्हणाली, आजी कशी होती? काय सांगू? जुळं झालं, त्यातलं एक गेलं, आणि ही भिंतीकडे तोंड करून निजली ती उन्हाळ्यापर्यंत. झालं. हेच ऐकत आलोय मी. रान्वेगची पेन्सिल थांबली गं. मला ते बघवेना. म्हटलं, आजीनं ना, एकदा काय केलं...

ग्रोआ: आणि पेन्सिल सुरू.

टोर्फी: अशी सुरू, की चारशे पानं. आता शनिवारी ती इथं वाचायला येणार. तू मला पहिल्या रांगेत बसवणार. शेजारी तुझी आई. हाल्बेराच्या नातीशेजारी बसून तिच्या पायांच्या टाळ्या मी घ्यायच्या? घरात नकोच ते पुस्तक.

ग्रोआ: चार प्रती परत केल्या म्हणजे मनोगत परत होतं होय? दुसरी आवृत्ती निघतेय. चुका सापडल्या तर सोमवारपर्यंत कळवा, असं रान्वेगनं मला लिहिलंय. कळवा की.

टोर्फी: मग माझ्या आजीचं काय उरलं? चारशे पानं ताठ उभी असलेली बाई. तिला एका ओळीत पुन्हा आडवी करू?

ग्रोआ: आईनं वाचलं पुस्तक. अठ्ठ्याऐंशीची आहे, भिंग घेऊन नऊ दिवसांत संपवलं. मला वाटलं भडकेल. तर म्हणाली, सगळं छान आहे, एक गोष्ट तेवढी राहिली.

टोर्फी: कुठली?

ग्रोआ: हाल्बेरा तिला सांगायची ती. पोर आजारी पडलं त्या आठवड्यात तुमच्याकडे आधी दोघी येऊन गेल्या होत्या. पाद्र्याची बायको आणि तुमच्या आजोबांची बहीण. पोर आमच्याकडे दे म्हणाल्या. सिग्नीनं मानसुद्धा वळवली नाही. मग हाल्बेरा गेली, नुसतं दूध द्यायला. तिचा आवाज ऐकून सिग्नी उठली.

टोर्फी: उठली?

ग्रोआ: आपली आपण. भिंत धरत दारापर्यंत आली. स्वतःच्या पांघरुणात पोर गुंडाळलं आणि हाल्बेराच्या हातात दिलं. हाल्बेरा म्हणायची, पठारावर दोनदा मनात आलं, मागं फिरावं. पण त्या बाईनं कसं दिलं होतं ते आठवायचं.

टोर्फी: मला कुणी बोललं नाही हे. बाप पण नाही.

ग्रोआ: त्याला काय कळणार? तो पांघरुणात होता.

(टोर्फी काउंटरजवळच्या स्टुलावर बसतो. ग्रोआ कॉफी ओतून आणते.)

टोर्फी: तुझ्या आईला नक्की आठवतं? की माझ्यासारखंच?

ग्रोआ: शनिवारी शेजारीच बसणार आहात. विचारा.

टोर्फी: विचारीन. तो कॉम्प्युटर उघड. रान्वेगला लिहायचंय.

ग्रोआ: सांगा.

टोर्फी: "रान्वेग, मनोगताच्या पानावरचं मी तुला खोटं सांगितलं. माफ कर. पठार ओलांडलं ते शेजारच्या हाल्बेरानं. बोटं तिची गेली."

ग्रोआ: तिची गेली. पुढे?

टोर्फी: "त्या दिवशी तुफान वारा सुटला होता आणि..."

ग्रोआ: काका.

टोर्फी: बरं, खोड ते. नुसतं लिही, "सिग्नी अंथरुणातून उठली होती."

ग्रोआ: एवढंच?

टोर्फी: "दारापर्यंत आली होती." बस. पुढचं रान्वेगला लिहू दे.