फोटोला पट्टा, पोरगं मोकळं

मंडळी, कन्हेरीहून, कळंबाहून, लांबलांबनं आलात. मला बोलायला उभं केलंय. तात्या माझे धाकटे दीर. मी ह्या घरात आले तवा चड्डी सावरत हिंडायचे. परवा झोपंतच गेले. वैनी मागं आन् दीर फुडं, हा काय क्रम झाला का?

समदी बोललात. तात्या देवमाणूस, तात्या दिलदार. व्हय, खरं हाय. पर ज्यापायी त्यांचं तुमच्याशी रोज वाजायचं, ते एकानंबी काढलं न्हाय. मी काढते. गाडीत पोराला मांडीवर घेऊ नका, एवढंच सांगायचे. तुमी हसायचा.

हा माझा नातू सागर. त्याच्या पोरासाठी, शिवांशसाठी, तात्यांनी गाडीतली पट्ट्याची खुर्ची आणली. सागर म्हणला, "तात्या, रडतंय वो त्यात." तात्या म्हणले, "रडू दे. रडतंय म्हंजी जित्तं हाय. ब्रेक लागला तर मांडीवरचं पोरगं आधी काचंवर, आन् मागनं तू त्याच्यावर."

आज सागर जळोचीहून तात्यांचा हा फोटो घेऊन आला. कुठं ठेवला व्हता? पोराच्या खुर्चीत. वर पट्टा आवळून. आन् पोरगं? फुडं, आईच्या मांडीवर, मोकळं.

म्या इचारलं, "काय रं हे?"

"आज्जी, रस्त्याला खड्डे लई. फोटोची काच तडकली असती."

आरं, काच तडकली तर नवी बसवून मिळती. पोराचं डोकं कोण बसवून देणार? त्याचंबी दुकान निघालंय का जळोचीत? गेलेल्या माणसाला पट्टा आन् जित्या पोराला मांडी. काय म्हणावं तुमाला?

तुमी बाकीचे हसू नका. कुणाची पोरं गाडीच्या टपावरच्या खिडकीतनं मुंडकी काढून आली, ते म्या वट्ट्यावरनं बघितलंय. सांगून सांगून तात्या दमले. आता मी दमायचं व्हय?

बरं. आता तात्यांसाठी समद्यांनी उभं राहायचं, गप. सागर, तू न्हाय. तू शिवांशला घे, गाडीकडं जा. त्याला खुर्चीत बसव, पट्टा लाव. नीट लाव. लागला की हॉर्न वाजव. तवर हितं कुणी खाली बसायचं न्हाय, मग दोन मिनिटं लागू द्या न्हायतर धा.

तात्या, जरा दम धरा. पोरगं बसतंय.