लाल पाणी, निळं पाणी आन् माझी जीभ

...आता कपबशी! तुमाला सांगतो, बत्तीस वर्सं ह्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलं रंगवतोय, मला चा स्टीलच्या गिलासात, आन् परवा पाणी तपासायला आलेली विद्यापीठाची पोरगी, प्रियदर्शनी, तिला कपबशी! वर बिस्कीट! जळत न्हाय हां मी... मी कशाला जळू?

आवो, हौदात पाणी सोडायच्या आदी हाक कुणाला? "महिपतीमामा, चव बघा की!" एक घोट घेतला की सांगतो, जड हाय, रंग धरायचा न्हाय. ही जीभ हाय जीभ! शेठच्या हापिसातला माठ अकरा वर्सं माझ्याच घरच्या बोअरच्या पाण्यानं भरतोय. "मामा, अमृत आहे हो!" म्हणायचे शेठ... म्हणायचे!

तर हिनं टीचभर बाटली काढली, आत लाल पाणी. "काका, यात सोन्याचे कण आहेत, डोळ्यांना न दिसणारे. पाण्यात शिसं असलं की हे निळं होतं." सोनं! आमच्या वच्छलाच्या गळ्यात दोन मणी, आन् ही पाण्यात सोनं घालतीय! शेठ आ वासून बघत्यात. जळत न्हाय हां मी, पन हिची फजिती केल्याबिगर भाकरी गोड लागंना.

दुसऱ्या दिवशी घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली, 'भंगार बॅटऱ्यांशेजारची विहीर'. बॅटऱ्यांत शिसं असतंयच की! हिनं थेंब टाकले. लालाचं निळं! "शिसं आहे, काका." मी टाळ्याच पिटल्या की! "फसली! चिठ्ठी वाचून फसली! आगं, हे माझ्या घरचं पाणी, ह्याच माठातलं!"

शेठच्या ओठाला गिलास लागलेला. हळूच खाली ठिवला.

ती म्हणाली, "काका, माझ्या बाटलीला वाचता येत नाही... घरी हे कोण कोण पितं?"

मी, वच्छला... आन् सहा वर्साची नात, पायल. माठातला एक घोट घेतला. गोडच लागला! "शिशाची चव कळत नाही, काका." बत्तीस वर्सांची जीभ, तोंडातच सुकली बगा.

मोठ्या प्रयोगशाळेतनंबी तेच आलं. बोअर बंद. पायलचं रगात तपासलं, देवाच्या दयेनं थोडक्यात निभावलं. आन् हीच पायल, माझ्यासंगं जीभ भाईर काढून पाणी चाखणारी, आता म्हणती, "आजोबा, मला प्रियदर्शनीताईसारखी बाटली पायजे!" जळतो! व्हय, जळतो मी, लई जळतो!

काल ताई घरी आली. वच्छलानं ठेवणीतली कपबशी काढली. चा घिऊन कोण गेलं? मीच! त्याआदी वच्छलानं चमचाभर चा माझ्याफुडं धरला, म्हणाली, "साखर बरी हाय का, तेवढं बगा."

बगितलं. जिभेला तेवढंच काम ऱ्हायलंय, काय करता!