मशीन चुकत न्हाई म्हनं!

...आन् वर मलाच फेटा बांधला! मलाच! आता तुमी म्हनाल, बादशहाचाचा, फेटा बांधला तर रडताय कशाला? ऐका तर. तुमाला सांगतो, सांगलीत पेठंतल्या मारुतीच्या देवळात माझा आज्जा नगारा वाजवायचा, मग बा, मग मी. शनवारी पाय ठेवायला जागा न्हाई, रांग पार हळदीच्या दुकानांपतोर, पन आरतीला नगारा आमच्याच घरान्याचा. नाव बादशहा, आन् राज्य काय ते एका नगाऱ्यावर. तेबी गेलं!

कसं? तर ट्रस्टचा अध्यक्ष वीरधवल, परगावच्या कुठल्या देवळात मशीन बघून आला. "चाचा, बटन दाबलं की घंटा, झांज, नगारा, सगळं एकदम! तुमचंही वय झालं. आणि मशीन चुकत नाही."

मशीन चुकत न्हाई म्हनं! आरं, मी कवा चुकलो रं? बा वारला तवाबी दुपारी माती देऊन आलो, आंघोळ केली आन् सांच्याला काठ्या हातात घेतल्या... कुनाला कळलंबी न्हाई.

पन ट्रस्टवाले लय मोठ्या मनाचे! मान मोडायचा न्हाई म्हनले, उद्घाटन चाचांच्याच हातनं! फेटा बांधला, नारळ दिला, फोटोवाला म्हनतोय, "चाचा, जरा हसा," आन् मी हसलो, आन् ह्या माझ्याच बोटानं बटन दाबलं! घरी बायकूनं, सुगराबीनं, कपाळाला हात लावला. "दाबलंसा कशाला?" आता फेटा बांधलेला मानूस न्हाई कसा म्हननार वो?

बरं, आमचा गुरव नाथाजी दम्याचा मानूस. आरती म्हनता म्हनता श्वास अडकायचा त्याचा. मला दिसायचं, मी काठी हळू करायचो, त्यो दम खायचा, मग दोघं संगं वर! मशीनला काय दमा कळतोय? ते आपलं धडधड म्होरं, नाथाजी खोकत मागं. मी म्हनलं, "आवं अध्यक्ष, गुरवाचं हाल हुत्यात." तर म्हनतोय कसा, "नाथाजीच चुकतोय, चाचा. मशीन चुकत नाही!"

आन् परवाच्या शनवारी ऐन आरतीत लाईट गेली! समदं गप. नाथाजी नुसता माझ्याकडं बघतोय. पन नगारा कुठाय? काचंच्या कपाटात, 'आपला जुना ठेवा' अशी पाटी लावून! किल्ली वीरधवलकडं, वीरधवल साताऱ्याला लग्नात. मग मी काय केलं, रांगेचा लोखंडी पाइप हाय न्हवं, त्याच्यावरच हातानं सुरू केलं. काय रंगली म्हनता आरती! नाथाजी थांबला की मी थांबतोय, त्यो चढला की मी चढतोय... डोळ्यांत पानी आलं वो माझ्या, खोटं कशाला बोलू.

आन् मेली लाईट आली! मशीन मधनंच धडधड सुरू. मी काय थांबतोय व्हय? मीबी जोरात! आज तूच न्हाईतर मीच! तवर म्होरच्या बाईनं मागं वळून बघितलं आन् वैतागून म्हनली, "आवं चाचा, हात आवरा की! मशीनच्या मधी तुमचा ताल चुकतोय."

मग? आवरला हात. आन् समद्यांसंगं टाळ्या वाजवाय लागलो. मशीनकडं कान देऊन. चुकाय नको म्हनून.