डिकीतलं पूजेचं गाठोडं

मी भानुदास. गाव म्हनशीला तर सांगली जिल्हा, खानापूर तालुका, विट्याच्या पलीकडं. आमच्याकडं घरटी एक तरी मानूस गलाईला गेलेला असतोय, गलाई म्हंजी जुनं सोनं वितळवून चोख करायचं काम, मंग कोन केरळात गेला, कोन आंध्रात, आन् आमच्या भावकीतलं समदं हितं चेन्नईत, सौकारपेठेत. मी अठरा वर्साचा आलो. पन काय सांगू तुमास्नी, मी जन्माचा भित्रा, हे आदी लिहून घ्या. तेजाबाचा धूर उठला की माजं हातपाय गार, भट्टीम्होरं चिमटा धरला की चिमटा थरथरायचा, एकदा तर सोनं वितळवायची मूस हातातनं सुटली, तापल्याली मूस, आन् शेठ म्हनलं, भान्या, तू सोन्याचं न्हाई माजंच पानी करशील, जा, गाडी शीक.

तसा मी ड्रायव्हर झालो आन् एकाच शेठकडं बावीस वर्सं गाडी चालवली. भित्रा मानूस गाडी चांगली चालवतोय, हसू नका, खरं सांगतोय. रोज सकाळी टायर बघायचं, ब्रेक बघायचा, शिटाखाली वाकून बघायचं, डिकी उघडून बघायची, मंगच किल्ली लावायची. शेठची बायकू, मी वैनी म्हनायचो, त्या वरनं गॅलरीतनं इचारायच्या, भानुदासभाऊ, गाडीखाली वाघ बसलाय का? म्हनलं वैनी, न्हाई बसला म्हनून बघतोय.

आता शेठकडं पिस्तूल व्हतं. सोनं घेऊन हिकडं तिकडं जावं लागतंय म्हनून रीतसर लायसन काढलेलं. मला त्याचं लई भ्या वाटायचं. शेठ कमरेला लावून मागं बसलं की माजी पाठ आखडायची, वाटायचं खड्ड्यात गाडी आदळली आन् उडालं तर? पन शेठ बरूबर असले म्हंजी पिस्तूल त्यांचं, आपलं काय. लायसन नवं करायला गेलो तवा मी संगट व्हतो, कारन शेठला तमिळ बेताचंच, आन् मी एवढी वर्सं ह्या रस्त्यांवर, पोरगी हितंच जन्मली, तमिळ माज्या तोंडात बसलेलं. कचेरीच्या खिडकीवरची बाई सांगत व्हती आन् मी शेठला मराठीत सांगत व्हतो. ती म्हनली, लायसन मानसाचं असतंय, घराचं न्हाई, गाडीचं न्हाई. बायकूचं न्हाई, भावाचं न्हाई. गाडीत सापडलं आन् तुमी गाडीत नसला तर जो स्टेरिंगवर बसलाय त्याच्याकडं बिनपरवान्याचं हत्यार, सरळ आत, जामिनाचंबी सोपं न्हाई. मी हे शेठला सांगितलं. शेठ म्हनलं, बरं बरं, सही कुटं करायची ते इचार.

तर खंडेनवमी आली. आमी गलाईवालं लोक हत्याराची पूजा करतोय, आमचं हत्यार म्हंजी चिमटं, मूस, तराजू, कातरी, ते समदं दुकानातनं शेठच्या नुंगंबाक्कमच्या घरी आनायचं, लाल फडक्यावर मांडायचं, झेंडू व्हायचा, आन् शेठ कपाटातनं पिस्तूल काडून तेबी त्याच पंगतीत ठेवायचं. त्याच दिवशी हितल्या लोकांची आयुधपूजा असती, म्हनून गाडीलाबी गंध, चाकाखाली लिंबू. रातभर हत्यार हलवायचं न्हाई, दसऱ्याला सकाळी पूजा उचलायची. वैनींनी सकाळी समदं गोळा केलं, लाल फडक्यात बांदलं आन् म्हनल्या, भानुदासभाऊ, हे दुकानात पोचवा, मुहूर्ताला भट्टी पेटवायची हाय, शेठ मागनं येतील, पाव्हनं बसल्यात. मी गाठोडं कपाळाला लावलं आन् डिकीत ठेवलं. रोज शिटाखाली वाकून बघनारा मी, पन पूजेचं गाठोडं सोडून कसं बघायचं? त्याला हळदकुकू लागलेलं. न्हाई बघितलं.

एग्मोरच्या म्होरं आलो. तुमी दसऱ्याच्या सकाळी हितले रस्ते बघितल्यात का, आदल्या दिवशी दुकानाम्होरं समदीकडं कोहळं फोडत्यात, आत कुकू घालून, रस्ता नुसता बुळबुळीत. म्होरं एक बाई स्कूटरवरनं त्या कोहळ्यावर घसरली, मी करकचून ब्रेक मारला, आन् मागं डिकीत ठन्न वाजलं. मला वाटलं मूस फुटली, शेठ शिव्या घालतील. गाडी कडंला घेतली, डिकी उघडली, गाठ सोडली. मूस चांगली व्हती. तिच्याखाली पिस्तूल. वर झेंडूची पाकळी चिकटल्याली.

मी डिकी लावली ती कशी लावली मला ठाव न्हाई. आत येऊन बसलो, काचा वर केल्या. शेठला फोन लावला. म्हनलं शेठ, ते हितं हाय. ते म्हंजी काय? म्हनलं ते तुमचं. शेठ म्हनलं, बोंबलू नगं, दहा मिंटाचा रस्ता हाय, दुकानात जा, कुलपात ठेव. म्हनलं, शेठ, म्होरं सेंट्रलपाशी सनाची तपासनी चालू असती, मला धरलं तर? शेठ म्हनलं, तर माजं नाव सांग, लायसन माजं हाय. म्हनलं, लायसन तुमचं हाय पन तुमी गाडीत न्हाईसा. तर शेठ म्हनलं, कोन सांगतंय तुला हे? म्हनलं, शेठ, मीच सांगितलं व्हतं तुमास्नी, त्या खिडकीवरच्या बाईचं.

लई चिडलं. बावीस वर्सं माजं मीठ खाल्लंस म्हनलं, दहा मिंटं काळीज घट करता येत न्हाई? आता तुमीच सांगा, काळीज घट असतं तर मी भट्टीवरच नसतो का? माज्या डोळ्याम्होरं माजी पल्लवी येत व्हती. पोरीनं सरकारी क्लार्कची परीक्षा काडलेली, चेन्नईच्या कडंला आवडी म्हनून भाग हाय, तितल्या आमच्या दोन खोल्यांत रातध्यान अभ्यास करून, फक्त पोलीस चौकशी ऱ्हायल्याली, आन् बाप पिस्तुलासंगट धरला गेला तर तिची नोकरी ऱ्हाती का? मी म्हनलं, शेठ, मी किल्ली फिरवत न्हाई. तुमी लायसन घेऊन हितं या. बावीस वर्सांत मी शेठला पयल्यांदा या म्हनलो. फोन आपटला त्यांनी, येतो म्हनलं का न्हाई तेबी कळलं न्हाई.

तेवढ्यात काचेवर टकटक. पोलीस. स्कूटरवाल्या बाईसाठी आलेला, पोरगेलासाच व्हता, म्हनला, वंडी एडुंगण्णा, म्हंजी गाडी काडा, रस्ता अडतोय. मी म्हनलो, बॅटरी गेली. तोंडात आलं ते बोललो. तर तो भला मानूस, चल म्हनला किल्ली फिरव बघू. मी अर्धी फिरवली आन् सोडली. म्हनला, ढकलू का? म्हनलं, नगं साहेब, मेकॅनिकला बोलीवलंय. तर म्हनला, मेकॅनिक कशाला, डिकीत जोडायची केबल असंल की, उघडा, माजी गाडी जोडून देतो. आन् चालला की मागं! डिकीवर हात ठेवला त्यानं. अवो, मी दार उघडून धावलो, म्हनलं, साहेब, डिकीचं कुलूप बिघडलंय. तो हसला, म्हनला, अण्णा, बॅटरीबी गेली आन् कुलूपबी? आन् माज्याकडं बघत ऱ्हायला. माजा सदरा घामानं चिकटलेला. मला वाटलं झालं, पल्लवीचं समदं झालं. मंग त्या बाईनं हाक मारली, तिचा हात मोडला व्हता बहुतेक, तो तिकडं गेला.

पाऊन तास मी तितं बसलो. पळून जावं म्हनलं तर गाडी टाकून कुटं पळनार, ठान्यात नेऊन द्यावं म्हनलं तर पयला सवाल मलाच. विठ्ठल विठ्ठल बी तोंडातनं निगंना. मंग रिक्षा थांबली, शेठ उतरलं, कपाळाला दसऱ्याचा टिळा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत लायसन. डिकीतनं गाठोडं काडलं, मागं मांडीवर घेऊन बसलं. मी किल्ली फिरवली आन् गाडी एका दमात चालू झाली. व्हनारच, माजीच निगा. तो पोलीस दहा पावलांवर. त्यानं गाडीकडं बघितलं, माज्याकडं बघितलं, मोबाईल वर केला. फोटो काडला का कुनाशी बोलत व्हता, मला आजबी ठाव न्हाई.

दुकानात भट्टी पेटली, शेठनी सगळ्यांस्नी आपट्याची पानं वाटली, गावाकडनं पार्सलनं येत्यात आमच्याकडं, सोनं घ्या म्हनत. माज्याम्होरनं पुढं गेलं. मी हात केलेला तो तसाच खाली घेतला. म्हैना भरला तवा म्हनलं, भानुदास, पुतन्याला गाडी येती आता. मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, घरी येऊन रडलो. आता टॅक्सी चालवतोय. प्रवाशाची बॅग डिकीत ठेवताना इचारतो आत काय हाय, लोक चिडत्यात, चिडू देत.

त्याच्यानंतर दोन म्हैनं मला झोप न्हाई. खाकी दिसली की रस्ता बदलायचो. आन् एक दिवस दुपारी दार वाजलं, उघडलं तर पोलीस उभा. मी चौकट धरली. मनात म्हनलं, आला, फोटो घेऊन आला. आत येऊन बसला, पानी प्याला, कागद काडला, पल्लवीचं नाव वाचलं, नोकरीच्या चौकशीला आलेला तो, दुसराच मानूस. म्हनला, घरात कुनावर केस हाय का? पल्लवी माज्याकडं बघत व्हती. मी म्हनलो, न्हाई साहेब, कुनावर न्हाई. लिहून घेतलं त्यानं. तो गेल्यावर पोरगी म्हनली, आप्पा, एवढं कापताय कशाला, खरंच तर बोललासा. तिला मी अजून काय सांगितलेलं न्हाई, तुमी छापलं तर वाचंल, पन तिला मराठी वाचाय कुटं येतंय.

पल्लवी जाती आता रोज हापिसाला, नऊच्या आत, टिफिन घेऊन. तुमी गाडीनं आलाय न्हवं? जाताना डिकी उघडून बघा. पूजेचं गाठोडं असलं तरी सोडून बघा, देव काय रागवत न्हाई. सावकाश जावा, सुखी ऱ्हावा.