मिस लूसीने बोलायचं नाय

मी वसईची. वसई म्हंजे आताची बिल्डिंगांची वसई नाय हं, आमच्या वाडीत तेव्हा केळी आणि पानवेली, बाप भाजी पिकवायचा, आय टोपल्या बांधायची, आणि आमी सगळी पोरं चर्चच्या मराठी शाळेत. मी दहावी झाले तसं फादरनी मला बालवाडीवर लावलं, बोलले लूसी, तुझ्याकडे पोरं रडत नाय, तू इथेच बस. आणि ते खरं होतं बरं का, देवाने मला दुसरं काय दिलं नाय, रूप नाय, नशीब तर नायच नाय, पण कसलंही रडकं पोर माझ्या मांडीवर आलं की गप. तेवढ्यावर माझा जन्म गेला.

नवरा माझा आंतोन, तो इथे कतारला इंडस्ट्रियल एरियात गॅरेजला होता, इंजिनात हात घातला की गाडी बोलायची त्याच्याशी. लग्नानंतर मला आणलं, शेरल इथेच झाली, माझी एकुलती एक. शेरल केजीत असताना एका दुपारी गॅरेजमधून फोन आला की आंतोन पडला, आणि मी पोचेपर्यंत खलास. त्याला वसईला नेला, मातीत ठेवला, आणि सगळे बोलायला लागले आता राहा इथेच, भावाच्या पडवीत खोली काढून देऊ. भावजयीचं तोंड मी बघितलं आणि समजले की ही पडवी म्हंजे काय असणार.

आंतोन एका इंग्रज बाईची गाडी बघायचा, तिची दोह्यात अल दुहैलला शाळा होती, लहान पोरांची, ब्रिटिश शाळा. ती बाई मला भेटायला आली होती तो गेला तेव्हा, स्वतः आली, आणि बोलली, मुलांबरोबर काम करशील का. आमी तिला मोठ्या मॅडम बोलायचो. तिने मला टीचिंग असिस्टंट घेतलं, व्हिसा केला, शेरलला त्याच शाळेत बसवलं. देवमाणूस होती, आता ती पण गेली.

तर तिथे मी इंग्लंड शिकले. इंग्लंड मी आजपर्यंत बघितलं नाय, पण विचारा मला. पॅनकेक कुठल्या मंगळवारी करतात, पोपीचं लाल फूल कोटावर का लावतात, वेल्सवाले डॅफोडिल लावतात आणि स्कॉटलंडवाले कविता म्हणून जेवायला बसतात, सगळं. कारण ते सगळं आमाला करायला लागायचं ना, पोरांना दाखवायला. बाहेर वाळूचं वादळ, खिडक्या बंद, आणि आत मी कापसाचं बर्फ चिकटवतेय. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात त्या गाय फॉक्सचा पुतळा करायला दिला, मला वाटलं आमच्याकडे थर्टीफर्स्टला सरत्या वर्षाचा म्हातारा करून जाळतात तसलंच काय तरी, म्हणून मी त्याला पांढरी दाढी लावली आणि पोट भरपूर फुगवलं. मोठ्या मॅडम हसल्या, हसून हसून डोळे पुसले, आणि मग बसून मला सगळी गोष्ट सांगितली, कोण तो, कशाला पार्लमेंट उडवायला निघाला होता, आणि अजून पोरं त्याची आठवण का काढतात. त्यांची सांगायची पद्धत अशी की मला वाटायला लागलं हे पण आपलंच.

आणि सर्कल टाइम माझा. म्हंजे सकाळी पोरं गोल बसतात, गाणी, गोष्टी, आज पाऊस की ऊन असलं विचारायचं, इथे रोजच ऊन. टीचर बदलत राहायच्या, दोन वर्षं झाली की गेली दुबईला नायतर परत इंग्लंडला, पण गोल तो माझाच. माझं इंग्लिश वसईचं, ते मी कुठे नाकारते, माझा व पण तसाच आणि ट पण तसाच. पण पोरांना काय, पोरं आवाज ऐकतात.

शेरल मात्र तिथेच वाढली आणि इंग्लिशच झाली. मी मराठीत बोलायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, समजायचं तिला सगळं. मला त्याचं वाईट नाय वाटलं तेव्हा, मला अभिमान वाटायचा, ती फोनवर बोलली की समोरच्याला वाटायचं गोरी पोरगी बोलतेय. हुशार होती, इंग्लंडात लेस्टरला शिकायला गेली, टीचर झाली, तिथलाच टॉम मिळाला, चांगला पोरगा आहे, त्याच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाय. लग्न तिकडेच केलं. नंतर तिला तिथलं नागरिक व्हायचं होतं, त्याला परीक्षा असते, त्यांचे राजे, त्यांचे संत, त्यांचं पार्लमेंट, सगळं विचारतात. ती मला व्हिडिओ कॉल लावायची आणि पुस्तक समोर धरून बोलायची, मम्मा, आस्क मी. मी इथून विचारायचे, आयर्लंडचा संत कोण, सहा बायका कुठल्या राजाने केल्या, ती तिथून सांगायची, चुकली की मी ओरडायचे. किती हसायचो आमी. पास झाली त्या दिवशी मी शाळेत केक वाटला. तिने शपथ घेतली तो फोटो पाठवला, मागे राजाचा मोठा फोटो, पुढे माझी शेरल. आंतोन असता तर गॅरेजच्या भिंतीवर लावला असता.

मग टॉमला इथे दोह्यात नोकरी लागली. मला आनंद किती झाला काय सांगू तुमाला, पोरगी, जावई आणि नातू, नोआ, दोन वर्षांचा तेव्हा, सगळे इथे येणार. आणि शेरलला नोकरी कुठे लागली, तर आमच्याच शाळेत, क्लास टीचर. मोठ्या मॅडम तेव्हा गेलेल्या, शाळा दुसऱ्यांनी घेतली होती, नवीन हेड आली होती. शेरलला ब्रिटिश पासपोर्टवर घेतलं म्हंजे तिला व्हिला, तिला सुट्टीचं तिकीट, आणि मी तशीच स्टाफच्या फ्लॅटमध्ये दोघी फिलिपिनी पोरींबरोबर. त्याचं पण मला काय नाय. आपली पोरगी वर गेली तर आयने मान वर करून बघायचं असतं, दुसरं काय.

शाळा चालू व्हायच्या आदल्या दिवशी ती बोलली, मम्मा, शाळेत आपण प्रोफेशनल राहू या. मी विचारलं म्हंजे काय. बोलली, तू मला मिस शेरल बोल, मी तुला मिस लूसी. ऑफिसमध्ये माहीत आहे, पण पालकांना कशाला सांगायचं, त्यांना उगाच वाटेल वशिल्याने लागले. मला ते पटलं. खरंच पटलं. मी सकाळी तिला गुड मॉर्निंग मिस शेरल बोलायचे आणि दुपारी शाळा सुटली की तिच्या घरी जाऊन नोआला भरवायचे, तिचा भाताचा कुकर लावायचे. माझ्या मांडीवर नोआ मराठी बोलायचा, पाणी दे, आजी ये, भूभू आला.

तर एके दिवशी काय झालं, हेन्री म्हणून एक गोरा पोरगा होता आमच्या वर्गात, म्हंजे शेरलच्या, मी तिचीच असिस्टंट, गोंडस पोरगा, तो घरी बागेत पडला आणि ओरडला, आई गं! त्याच्या आयने विचारलं हे काय, तर बोलला मिस लूसी असंच बोलते. आणि तो वॉटर पण माझ्यासारखं बोलायला लागला होता म्हणे. त्या बाईने हेडला लिहिलं. मला पहिल्यांदा हसू आलं हो, मला वाटलं केवढं गोड, गोऱ्या पोराच्या तोंडून आमची वसई निघाली. मीटिंगला बोलावलं तेव्हा मी हसतच गेले.

हेड चांगलं बोलते, आवाज चढवत नाय. बोलली, मिस लूसी, तुमच्या कामाबद्दल आमाला फार आदर आहे, पण पालक इथे येतात ते अस्सल ब्रिटिश अनुभवासाठी, उच्चारासाठी, तर यापुढे सर्कल टाइम आणि गोष्टी टीचरच घेतील, असिस्टंटनी मुलांशी कमीत कमी बोलायचं, पालक समोर असताना तर नायच, खाणाखुणा केल्या तरी चालतील. खाणाखुणा. तीन-चार वर्षांच्या पोरांशी खाणाखुणा. मी शेरलकडे बघितलं. ती टेबलाच्या पलीकडे बसली होती, दोन्ही हातांत कॉफीचा मग, आणि मगातच बघत होती. मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल. हेडने विचारलं, कोणाला काय बोलायचंय का, आणि शेरल बोलली, नो, आय थिंक दॅट्स क्लिअर.

क्लिअर.

त्यानंतर मला स्टोअरमध्ये बसवलं, कागद कापायला. झेंड्यांच्या माळा, पोपीची फुलं, राजाचे मुकुट. मी जिभेने काम करणारी बाई, मला कात्री दिली. पोरं दाराशी येऊन उभी राहायची, मिस लूसी, सिंग, आणि मी तोंडावर बोट ठेवायचे. त्यांना वाटायचं खेळ आहे, ती पण तोंडावर बोट ठेवायची. घरी येऊन मी शेरलला एक शब्द विचारला नाय, आणि तिने सांगितला नाय. कुकर लावत राहिले.

मग नोआ आमच्या शाळेत आला, नर्सरीत. आणि त्याच वर्षी ब्रिटिश डे केला, पालकांना बोलावून, बाहेर लॉनवर टेबलं, स्कोन्स, जॅम, चहा, लाल-निळे झेंडे, सगळे मी कापलेले. कतारी आया, इंडियन आया, गोऱ्या आया, सगळ्या नटून आलेल्या. शेरल मधे उभी राहून सगळ्यांना माहिती सांगत होती, इतकी सुंदर दिसत होती की मी ट्रे धरून बघतच राहिले. तेवढ्यात नोआ पळता पळता टेबलाच्या पायाला अडकून पडला, गुडघा फुटला, आणि उठला तो आयकडे नाय गेला. सगळं लॉन ओलांडून, आजी, आजी करत माझ्याकडे आला, आणि मी ट्रे टाकला खाली आणि उचललं त्याला, काय नाय बाळा, काय नाय, आजी आहे ना, मोठ्याने, सगळ्यांसमोर, मराठीत. पोर रडत असताना खाणाखुणा कोण करतं.

सगळ्या बायका बघायला लागल्या. हेन्रीची आय पण होती, ती शेरलला हसून बोलली, अरे वा, हा तिला काय म्हणतो? आणि शेरलने, माझ्या पोटच्या पोरीने, काय सांगितलं असेल. तिने मला बघितलं, मग त्या बाईला बघितलं, आणि बोलली, शी हेल्प्स अस ॲट होम, ही इज व्हेरी अटॅच्ड टु हर. ती आमच्या घरी मदतीला असते.

खोटं कुठे होतं हो? असतेच मी मदतीला. नोआचा गुडघा धुतला, पट्टी लावली, त्याला त्याच्या टीचरकडे दिला, आणि तशीच ऑफिसात जाऊन हेडला सांगितलं की ही टर्म संपली की मला सोडा. हेड बोलली, वी विल मिस यू. मी बोलले, थँक्यू.

संध्याकाळी शेरल माझ्या फ्लॅटवर आली. दोह्याला परत आल्यापासून पहिल्यांदा आली, बसायला जागा नाय म्हणून माझ्या पलंगावर बसली. रडली खूप. बोलली, मम्मा, तुला माहीत नाय मला काय काय ऐकायला लागतं. माझा पासपोर्ट बघून पण विचारतात, पण मूळची कुठली. पहिल्याच आठवड्यात एका बाईने मुलगी दुसऱ्या वर्गात टाकली, तिला गोरी टीचर पाहिजे होती. मी रोज तिथे उभी राहते आणि एकेक शब्द तोलून बोलते, एक चुकला तर खलास, आणि त्यांना कळलं की तू माझी आई, तर त्यांना माझ्या तोंडात तुझाच आवाज ऐकू येईल. हे सगळं ती इंग्लिशमध्ये बोलत होती, एकही शब्द न चुकता.

मला कळलं तिचं. मी काय दगड आहे? तिला पण तिथे रोज परीक्षा, आणि ती परीक्षा पास व्हायची सोय नाय. पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाय ना. मी तिला विचारलं, मीटिंगमध्ये तू बोलली असतीस तर काय झालं असतं. ती बोलली, काहीच नाय, त्यांनी ऐकलं नसतं. मी बोलले, त्यांनी नसतं ऐकलं गं, मी तर ऐकलं असतं.

मग डोळे पुसून ती बोलली, आता तू आमच्याकडेच राहा, फॅमिली व्हिसा करू, नोआला पण बरं. मी विचारलं, कोण म्हणून राहू? ती पर्स घेऊन उठली, बोलली नोआच्या झोपायची वेळ झाली. मी पण परत विचारलं नाय.

आता बॅगा भरून झाल्यात. भावाने पडवीतली खोली साफ करून घेतलीय, भावजय आता म्हातारी झाली, तिला पण कोणी बोलायला पाहिजे असेल. शेरल बोलली एअरपोर्टला सोडायला येईन, मी बोलले शाळा आहे तुझी, राहू दे, टॉम येईल. टॉम येणार आहे, नोआला घेऊन. ती पण येईल बहुतेक, इन्शाल्ला, नाय आली तरी मी वाट बघणार नाय.

लोक बोलतात मुलीला दोष देऊ नको. मी देते, खोटं कशाला बोलू तुमच्याकडे, जीव जळतो माझा. तिला देव चांगलं ठेवो, तिचं घर भरलेलं राहो, नोआ मोठा होवो. रोझरीची माळ हातात घेतली की पहिलं नाव अजून तिचंच येतं, काय करू.