आधी समोरच्याची तक्रार

समेट केंद्राच्या बाकावर एका टोकाला गॅरेजवाला बसला होता, दुसऱ्या टोकाला त्याचा थोरला भाऊ. मधे शिवणकामवाल्या बाई आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरचे, रात्रपाळीचे वॉचमन काका. गॅरेजवाल्याचे कान त्यांच्याकडेच होते.

“ऐकलंत का काका? सरकारचं अनुदान आलं. केंद्र बंद होत नाही.”

“सुटलो बाई. नाहीतर कोर्टात खेटे घालत बसलो असतो.”

“तेही दोघं एकाच बसने.”

“बरं, आत जायच्या आधी एकदा म्हणून बघा. आधी समोरच्याची तक्रार सांगायची, मग आपली. इथला नियमच आहे तो.”

“सांगते. काका रात्रभर जागतात. सकाळी कुठे डोळा लागतो, तोच डोक्यावर माझं मशीन खडखडतं.”

“मला ताप आला होता, ते राहिलं.”

“हो. तापातसुद्धा मी थांबवलं नाही. आता तुम्ही.”

“ह्यांचं पोट मशीनवर आहे. आणि मी जिन्यातून शिव्या देतो, गिऱ्हाइकांसमोर.”

“माझ्या लेकीसमोरसुद्धा.”

“लेकीसमोर. ते चुकलंच माझं.”

“दुपारपर्यंत हातशिलाई करेन मी. मशीन नंतर.”

“मग आता आत काय सांगायचं?”

“हेच सांगू. आजच अनुदान आलंय, केंद्राच्या मॅडमना बरं वाटेल.”

दोघं आत गेली. बाकाचा मधला भाग रिकामा झाला. गॅरेजवाल्याने घसा खाकरला.

“दादा, तुझी तक्रार सांगून बघू का?”

थोरल्याने शेजारी ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“जवळ येऊन सांग.”